जखमेवरची पट्टी आणि मक्यातलं प्रोटीन

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. लोकलमध्ये, लेक्चरमध्ये किंवा घरात सगळे झोपलेले असताना ज्यांना आवाज लावता येत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना झालेले ‘अं...’ आणि ‘म्हणजे काय आहे ना’ काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज बोलायचंय जखमेबद्दल. आणि मक्याबद्दल. आणि थोडं सोयाबीनबद्दल. ही तीन माणसं एका टेबलावर कशी आली, ते आधी सांगतो.

माझे एक मामा लातूर जिल्ह्यात असतात. शेती, त्यातही मुख्य सोयाबीन. शुगर बरीच वर्षं आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी त्यांनी नवी चप्पल घेतली आणि ती करंगळीला चावली. आपल्याला चप्पल चावली की आपण दहा पावलांत ओरडतो. मामांना कळलंच नाही. शुगरमुळे पायाच्या नसा बधिर झालेल्या, त्यामुळे दुखणं नावाचा जो अलार्म असतो तो वाजलाच नाही. तिसऱ्या दिवशी मामीला चादरीवर डाग दिसला. मग बहुतेक घरांत जे होतं तेच झालं. हळद, गरम केलेलं तेल, वर धुतलेल्या कापडाची पट्टी. रोज सकाळी जुनी हळद काढायची, नवी भरायची. असे दोन आठवडे गेले. वास यायला लागला तेव्हा दवाखाना गाठला. करंगळी काढावी लागली.

मामीवर राग काढण्यात काही अर्थ नाही. तिला जे माहीत होतं ते तिने मनापासून केलं. पण ड्रेसिंग करता करता तिथले डॉक्टर एक वाक्य बोलले ते माझ्या डोक्यात अडकून बसलं. म्हणाले, "औषध लावलं की नाही, हा अर्धाच प्रश्न आहे. जखमेत ते किती वेळ टिकलं, हा उरलेला अर्धा."

हा एपिसोड त्या उरलेल्या अर्ध्यासाठी.

बघा, साधी जखम असेल, खरचटलं, सुरी लागली, तर शरीर स्वतःच काम उरकतं. रक्त गोठतं, पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात, मग नवीन पेशी येतात, खाली जाळी विणली जाते, वर कातडी येते. आठवडा-दोन आठवड्यांत विषय संपला. शुगरच्या पेशंटच्या पायाची जखम मात्र साफसफाईच्या टप्प्यावरच अडकते. सूज जातच नाही. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाप्रमाणे आपल्या देशात साधारण १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हे ऐकणाऱ्या, वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या घरात, निदान नात्यात, असा एक पाय आहे.

आता अशा जखमेत औषध पोचवायचं कसं? गोळी दिली तर ती रक्तातून जाणार, पण पायाकडचा रक्तपुरवठाच कमी झालेला असतो. वरून मलम लावलं तर? जखमेतून सतत पाणी झिरपत असतं. मलम त्यात मिसळतं आणि पट्टीच्या कापडात जाऊन बसतं. म्हणजे लावलं तेव्हा जखमेत भरपूर औषध, आणि काही तासांनी जवळपास शून्य. गरजेपेक्षा जास्त, मग गरजेपेक्षा कमी. अँटिबायोटिकच्या बाबतीत हा चढउतार फार वाईट, कारण थोडंसंच औषध उरतं तेव्हा जे जंतू तगतात ते चिवट असतात.

याचं एक खरं उदाहरण देतो. बेकाप्लर्मिन नावाचं औषध आहे, पेशींना ‘चला, वाढा’ असं सांगणारं प्रोटीन. मधुमेहाच्या पायाच्या जखमांसाठी अमेरिकेत १९९७ साली त्याला मंजुरी मिळाली. ते जेलच्या रूपात येतं. वापरायची पद्धत काय? रोज पातळ थर लावायचा, १२ तास ठेवायचा, मग धुऊन टाकायचा आणि उरलेले १२ तास नुसती ओली पट्टी. इतकं महागडं, नाजूक औषध, आणि रोज नळाखाली धुतलं जातंय. म्हणून शास्त्रज्ञांच्या मनात आलं की पट्टीलाच औषधाची टाकी बनवली तर? पट्टी एकदा लावायची आणि तिने चार-पाच दिवस थेंब थेंब औषध सोडत राहायचं.

इथे एक गैरसमज वाटेतच दूर करतो. ‘जखम उघडी ठेव, वाळू दे’, हे आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलंय. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर छोट्या जखमा करून त्यातल्या काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवली. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी साधारण दुप्पट वेगाने आली. तेव्हापासून पट्टीचं काम बदललं. पट्टी म्हणजे फक्त झाकण नाही, तर आत योग्य ओलावा राखणारं घर.

मग हे घर कशाचं बांधायचं? कातडीच्या खाली जी जाळी असते ती मुख्यतः कोलॅजन या प्रोटीनची. पेशी तिला धरून सरकतात, जसा वेल मांडवावर चढतो. त्यामुळे कोलॅजनच्या पट्ट्या बाजारात आल्या आणि त्या चांगल्या चालतातही. पण हे कोलॅजन येतं गाय, डुक्कर किंवा माशांपासून. धर्माचा प्रश्न येतो, प्राण्यांतल्या रोगांची भीती येते, आणि किंमत तर येतेच. मामांसारख्या पेशंटला दर दोन-तीन दिवसांनी पट्टी बदलायची असते. एका पट्टीची किंमत आणि महिन्याच्या पट्ट्यांची किंमत यात किती फरक पडतो, ते ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना विचारा.

तर, आता आपला मका एंट्री घेतो.

मक्यातल्या प्रोटीनचा मोठा हिस्सा ज्या प्रोटीनचा असतो त्याला म्हणतात झेइन. मक्याचं शास्त्रीय नाव झिया मेज, त्यातून हे नाव आलं. जॉन गोरॅम नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८२१ साली ते वेगळं काढलं. म्हणजे शोध दोनशे वर्षं जुना. मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या कारखान्यात जो प्रोटीनचा चोथा उरतो त्यात हे झेइन असतं, आणि तो चोथा मुख्यतः जातो कोंबड्यांच्या खाद्यात.

झेइनचा स्वभाव विचित्र आहे. पाण्यात विरघळत नाही. शुद्ध अल्कोहोलमध्येही नाही. पण अल्कोहोल आणि थोडं पाणी एकत्र केलं, साधारण ७०-८० टक्के अल्कोहोल, की मस्त विरघळतं. कारण त्याच्या साखळीत पाण्याशी फटकून वागणारी अमिनो ॲसिडं खूप आहेत. खाण्याच्या दृष्टीने ते फार भारी प्रोटीन नाही, कारण लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही गरजेची अमिनो ॲसिडं त्यात जवळजवळ नसतात. पण जेवणात जो दुर्गुण तोच पट्टीत गुण ठरतो. गोळ्यांवर आणि चॉकलेट-बदामांवर चकचकीत पातळ आवरण द्यायला झेइन कित्येक वर्षं वापरतात, कारण ते दमट हवेला आत येऊ देत नाही. आणि ही गंमत ऐका: १९५० च्या आसपास अमेरिकेत झेइनपासून ‘व्हिकारा’ नावाचा धागा काढायचे आणि तो लोकरीत मिसळून कपडे बनवायचे. मक्याचे स्वेटर! मग नायलॉन-पॉलिएस्टर आले आणि व्हिकारा गेला.

पट्टीसाठी याचा उपयोग कसा? तुमचं औषध पाण्यात विरघळत नाही असं समजा. बरीच औषधं अशी असतात. ते आणि झेइन दोन्ही एकाच अल्कोहोलच्या द्रावणात टाका. आता हे द्रावण एका सिरिंजमध्ये भरा आणि सुईला हजारो व्होल्टचा दाब द्या, साधारण १० ते २५ हजार. समोर धातूची प्लेट ठेवा. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, त्याचं टोकदार शंकूसारखं तोंड होतं आणि त्यातून एक बारीक धार प्लेटकडे झेप घेते. वाटेतच अल्कोहोल उडून जातं. प्लेटवर पडतो तो सुका धागा, काही शे नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या शेकडो पट बारीक. असे असंख्य धागे एकावर एक पडून पांढरट जाळी तयार होते. याला म्हणतात इलेक्ट्रोस्पिनिंग. औषध कुठे गेलं? धाग्याच्या आत, झेइनच्या मिठीत.

जत्रेत ‘म्हातारीचे केस’ मिळतात ना, गुलाबी, साखरेचे? त्या मशीनमध्ये वीज नाही, नुसती गरगर आहे. हार्वर्डमध्ये केव्हिन किट पार्कर यांच्या लॅबने साधारण त्याच तत्त्वावर, फिरत्या डब्यातून धागे फेकून पट्ट्या बनवल्या. हे गृहस्थ स्वतः अमेरिकन लष्करात होते, अफगाणिस्तानात गेलेले, त्यामुळे जखमा त्यांना पुस्तकातून माहीत नव्हत्या. त्यांच्या गटाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात सोयाबीनचं प्रोटीन आणि सेल्युलोज मिळून धागे काढले. उंदरांवरच्या प्रयोगात, पट्टी न लावलेल्या जखमांच्या तुलनेत या पट्टीखालच्या जखमा भरण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी जास्त आढळलं आणि सोया नसलेल्या, नुसत्या सेल्युलोजच्या पट्टीपेक्षा २१ टक्क्यांनी. मला यातला २१ हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. पट्टी न लावण्यापेक्षा काहीही बरंच. पण तीच पट्टी, तेच धागे, फक्त सोया काढून टाकला आणि फरक पडला, याचा अर्थ सोया तिथे नुसतं भराव म्हणून बसलेला नव्हता.

सोया का वापरला, झेइन का नाही? दोघांचे स्वभाव उलटे आहेत. सोयाचं प्रोटीन पाण्याशी मैत्री करतं, पेशींना ते मानवतं, पण एकटं असलं की ओल्या जखमेत लवकर विरघळून पसरतं. म्हणून त्याला सेल्युलोजची काठी लागते. झेइन ओलाव्यात टिकतं, पण सुकलं की ठिसूळ, वाकवलं की कडकन मोडतं. म्हणून त्यात ग्लिसरिनसारखं काहीतरी मऊ करणारं घालावं लागतं. गव्हाचं ग्लुटेनही वापरून बघतात. कणीक ताणली जाते ती त्याच्यामुळेच, तर तेच लवचीकपण इथे हवं असतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. औषध बाहेर येतं कसं?

पहिल्या काही तासांत धाग्याच्या पृष्ठभागाला चिकटलेलं औषध भसकन बाहेर पडतं. ही सुरुवातीची उसळी थोडी असेल तर चालते, जंतूंवर पहिला घाव बसतो. जास्त असेल तर पुन्हा मलमाचीच कथा. त्यानंतर पाणी हळूहळू धाग्यात शिरतं आणि आतलं औषध झिरपत बाहेर येतं. झेइन पाण्याला सहज आत घेत नाही म्हणून ही वाट लांबते. आणि तिसरी वाट आहे ती प्रोटीनची खासियत. अडकलेल्या जखमेत प्रोटीन कापणारे एन्झाइम भरपूर असतात. जुनी, फाटकी जाळी काढून टाकणं हे त्यांचं काम. पण शुगरच्या जखमेत ते थांबतच नाहीत आणि शरीराने नवीन विणलेलं कोलॅजनही कापत सुटतात. तिथे प्रोटीनची पट्टी ठेवली की हे एन्झाइम तिच्यावर तुटून पडतात. पट्टी कुरतडली जाते, आतलं औषध सुटतं, आणि जितका वेळ ते पट्टी खातायत तितका वेळ नवीन जाळी वाचण्याची शक्यता वाढते. जखम जितकी चिघळलेली, तितकं औषध भरभर बाहेर. प्लास्टिकच्या धाग्याला हे जमत नाही, कारण आपले हे एन्झाइम प्लास्टिक ओळखतच नाहीत.

ऐकायला किती छान, नाही? पण हेच एन्झाइम फार झाले तर चार दिवसांची पट्टी एका दिवसात फस्त. म्हणून धाग्यांना एकमेकांशी रासायनिक टाके घालावे लागतात. ग्लुटाराल्डिहाइडने टाके पक्के बसतात, पण ते स्वतः पेशींना विषारी. सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत, सौम्य आहे पण टाके तितके घट्ट नाहीत. या विषयातलं निम्मं संशोधन याच कात्रीत अडकलंय असं म्हटलं तरी चालेल.

आता हळदीकडे येतो. ‘मग मामीचं काय चुकलं, हळदीत औषध असतंच की!’ असे मेसेज मला येणार आहेत, मला माहितीये.

हळद आणि जखम ही जोडी आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिच्यावरून पेटंटचं भांडण झालं. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला ‘जखम भरण्यासाठी हळद’ यावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते, मूळचे गोव्यातल्या माशेलचे, त्याआधी पुण्यात एनसीएलचे संचालक. सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुराव्याला जोडून आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट नाकारलं गेलं. पण ती केस होती ‘हे नवीन नाही’ यासाठी. ‘हे शुगरच्या पायावर चालतं’ हे त्यात सिद्ध झालेलं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि व्हॉट्सॲपवर ते कायम एकत्र फिरतात.

हळदीतला ज्याच्यावर सगळ्यात जास्त संशोधन झालंय तो घटक कर्क्युमिन. हळदीत तो जेमतेम काही टक्के असतो. पाण्यात जवळपास विरघळत नाही, उजेडात खराब होतो, आणि किंचित अल्कलीकडे झुकलेल्या पाण्यात काही मिनिटांतच मोडायला लागतो. निरोगी कातडी थोडी आम्लाकडे झुकलेली असते, पण न भरणारी जखम अल्कलीकडे. म्हणजे मामी रोज सकाळी जे भरत होती त्यातलं कामाचं औषध जखमेपर्यंत फारसं पोचतच नव्हतं, आणि पोचलं ते टिकत नव्हतं. उरलेली पूड मात्र निर्जंतुक नसलेला भुगा म्हणून तिथेच बसून होती. खाली काय चाललंय ते दिसतही नव्हतं, सगळं पिवळं.

आणि म्हणूनच कर्क्युमिन आणि झेइन ही जोडी लॅबवाल्यांची लाडकी आहे. दोघंही त्याच अल्कोहोलमध्ये विरघळतात, दोघांनाही पाणी नको. झेइनच्या आत बसलेलं कर्क्युमिन उजेडापासून आणि पाण्यापासून बरंच सांभाळलं जातं. अशा पट्ट्या बऱ्याच लॅबमध्ये बनल्यात. तरी मी जपून बोलेन. कर्क्युमिन काचेच्या बशीत फार चमकतं आणि माणसांवरच्या कडक चाचण्यांत त्याने आतापर्यंत बऱ्याचदा निराश केलंय. पट्टी कितीही हुशार असली तरी आतलं औषध मुळातच लंगडं असेल तर ती काय करणार?

एकूणच ही सगळी गोष्ट अजून बशीत आणि उंदरांत आहे, हे स्पष्ट सांगतो. उंदराची जखम भरते ती मुख्यतः कातडी आक्रसून, आपली भरते नवीन कातडी सरकून. त्यामुळे उंदरावर ७२ म्हणजे मामांवर ७२ नाही. शिवाय काही लोकांना सोयाची किंवा गव्हाची ॲलर्जी असते. मक्याच्या प्रत्येक खेपेत झेइन तंतोतंत सारखं नसतं, त्याचा पिवळा रंगसुद्धा कमीजास्त होतो, आणि औषध बनवायचं तर प्रत्येक पट्टी सारखीच हवी. कुकरसारख्या वाफेत निर्जंतुक करायला गेलं तर प्रोटीन बिघडतं, म्हणजे गॅमा किरणं किंवा तसलं दुसरं काहीतरी हवं. आणि पट्टीत औषध घातलं की ती नुसती पट्टी राहत नाही, औषधाचेही सगळे पुरावे द्यावे लागतात. बरोबरच आहे ते. पण वेळ लागतो, पैसा लागतो.

कोणी उत्साहात मक्याचं पीठ जखमेवर टाकू नका. हसू नका, मला मागच्या एका एपिसोडनंतर याहून भारी प्रश्न आलेत. पीठ म्हणजे मुख्यतः स्टार्च, जंतूंची मेजवानी.

आणि पट्टी कोणतीही असो, ती जखमेच्या खालचं ओझं उचलत नाही. डॉक्टरांनी मामांना आधी काय दिलं माहितीये? औषध नाही, वेगळी चप्पल. जखमेवर वजन पडायला नको म्हणून. मग मेलेला भाग काढला, पायाचा रक्तपुरवठा तपासला, शुगर आटोक्यात आणली. पट्टी त्यानंतर. तळव्याला नायलॉनचा एक बारीक धागा टेकवून ‘कळतंय का?’ विचारायची एक टेस्ट असते, दोन मिनिटांची. मामांनी दहापैकी चार जागी ‘हो’ म्हटलं. ती टेस्ट चपलेच्या आधी झाली असती तर, असं मला अजूनही वाटतं. तुमच्या घरी शुगरवालं कोणी असेल तर पुढच्या तपासणीला ही टेस्ट मागून घ्या.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामांना हा सोयाच्या पट्टीचा प्रकार सांगितला. मोबाइलवर त्या जाळीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "म्हंजे आपलं सोयाबीन पायाला बांधायचं? भाव किती देत्यात ते इचार आधी." तेल काढून उरलेल्या सोयापेंडीत निम्म्याच्या आसपास प्रोटीनच असतं, आणि तीही शेवटी जाते कोंबडीच्या खाद्यात. मामांना ते पक्कं माहीत आहे, कारण पेंडीचा भाव पडला की त्यांच्या सोयाबीनचाही पडतो.

मामी तिथेच बसली होती. ती काही बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर तिने मामांचे दोन्ही पाय मांडीवर घेतले, माझ्याच मोबाइलचा टॉर्च लावायला सांगितला आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून बघितल्या. रोज बघते म्हणे.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू. नायलॉनच्या धाग्याच्या टेस्टबद्दल प्रश्न असतील तर पाठवा, त्यावर पायांच्या एका डॉक्टरांना बोलवायचा विचार चाललाय.